झोपलात काय?

आमची आत्या डॉक्टरचीसुद्धा गलफडं उघडून बघायला कमी करणारी नव्हती. मिरकरवाड्याच्या बंदरावर सकाळचा लिलाव सुरू झाला की ती टोपलीत हात घालायची, माशाचं गलफड अंगठ्यानं वर करून लाल आहे का बघायची, तो लाल रंग बोटाला लागतो का तेही बघायची, मग पोट दाबायची आणि शेवटी वास घ्यायची. एवढं करून बाजारात विकायला मासळी घेतली तरी तिचं तोंड फसल्यासारखंच असायचं. सगळं बंदर तिला फौजदार म्हणायचं. तिला ते ठाऊक होतं आणि आवडायचंही, पण आवडतं हे तिनं कोणाला कळू दिलं नाही.

तिचं एक वाक्य ठरलेलं होतं. "ताजं मासं वास मारत नाय, आनि खरं मानूस शपथ घेत नाय." त्यामुळे तिच्यापुढे कोणी "आईशप्पथ" म्हटलं की त्याचं खरंसुद्धा खोटं ठरायचं. दूधवाला, विजेचं मीटर बघायला येणारा, पोलिओचा डोस द्यायला आलेली ताई, सगळ्यांना ती उंबऱ्याबाहेर उभं करून आधी नखशिखांत बघून घ्यायची. मी तिची सख्खी भाची, तिच्या धाकट्या भावाची मुलगी. मी चहात साखर कमी आहे म्हटलं, तरी ती साखरेच्या डब्याकडे जायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघायची.

माझं लग्न ठरवायला मुलाकडचे आले तेव्हा तिनं मुद्दाम पेडवे तळले. पेडवा म्हणजे बोटभर मासा आणि त्यात काटेच काटे. मुलगा परदेशी जाणाऱ्या बोटीवर खलाशी, तिचा बोटीवरच्या मुलांवर विश्वास नाही. ती त्याच्या समोर पाट ओढून बसली आणि तो काटे कसे काढतो ते बघत राहिली. त्या बिचाऱ्यानं मान खाली घालून एकेक काटा ताटाच्या कडेला नीट लावून ठेवला. आत जाऊन ती बाबांना म्हणाली, "दे पोरगी. ह्याला घाई नाय." आता तो बोटीवर असतो तेव्हा मी बाबांकडेच असते. तो येईपर्यंत आठ-आठ महिने मी घाई न करता वाट बघते, याचं श्रेयही आत्या त्या पेडव्यांनाच द्यायची.

आत्याचं माहेर बुरोंडीचं. पण ती लग्न होऊन रत्नागिरीत आली आणि मागोमाग माझे बाबा इथल्या बर्फाच्या फॅक्टरीत लागले, ते बरोबर तिच्या समोर राहायला आले. दोन घरांच्या मधे फक्त एक पाखाडी, जांभ्याच्या पायऱ्यांची अरुंद वाट. तिच्याकडे फोडणी पडली की आम्हाला ठसका लागायचा. आणि दुपारी आतोबा घोरायला लागले की आम्ही टीव्हीचा आवाज वाढवायचो.

आतोबा म्हणजे आत्याचे यजमान. जाळ्याच्या होडीवर तांडेल, म्हणजे होडी चालवणारे, खलाशांचे मुख्य. संध्याकाळी समुद्रात जायचे आणि सकाळी माल उतरवून घरी यायचे. आत्या लिलाव आणि बाजार उरकून दुपारी यायची. दोघांना एका छपराखाली झोप मिळायची ती दुपारचीच, जेवणानंतर, तिचा संध्याकाळचा बाजार सुरू होईपर्यंत. आणि ती झोप आतोबा एकटेच घ्यायचे. त्यांचं घोरणं साधं नव्हतं. आधी शिट्टी, मग खरखर, मग कौलं हलतील असा एक चढ, आणि कूस बदलली की पुन्हा पहिल्यापासून. आमच्या वाडीत माणसं इंजिनाच्या आवाजावरून होडी कोणाची ते ओळखतात. आतोबांना ओळखायला होडीही लागायची नाही.

आत्यानं त्याची कधी तक्रार केली नाही. उलट तिला त्यात खात्री वाटायची. "इंजिन चालू हाय तोवर काळजी नाय," ती म्हणायची. खलाशाच्या बायकोला इंजिनाचा आवाज बंद पडण्यासारखी वाईट गोष्ट नाही, आणि तीस वर्षं तिनं तोच हिशोब घरातही लावला. नवरा घोरतो म्हणजे झोपलाय, झोपलाय म्हणजे मनात काही नाही. ती स्वतः भिंतीकडे तोंड करून, टक्क उघड्या डोळ्यांनी, लक्ष ठेवून पडायची.

मग तिचं ब्लडप्रेशर वाढलं. बाजारात बसल्या जागी घेरी आली, शेजारच्या मासेवालीनं धरलं म्हणून डोकं वाचलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि विचारलं, झोप किती होते. आत्या म्हणाली, "होते की." आतोबा शेजारीच बसले होते. डॉक्टर म्हणाले, "बाई, तुम्ही पहाटेपासून उभ्या असता. दुपारची झोप मिळाली नाही तर नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. उद्या काही बरंवाईट झालं तर मग माझ्याकडे येऊ नका." बाहेर आल्यावर आत्या मला म्हणाली, "ह्याला रोग कळला नाय म्हनून झोप सांगतोय." मग मागे वळून बघितलं तर आतोबा अजून आतच. "हा मानूस आत काय करतोय गो? आजारी मी हाय ना?"

तिथून तिच्या फौजदारीला खरं काम मिळालं. पहिल्यांदा खिळ्यावरचा आरसा गेला. हाताएवढा, कुंकू लावायचा आरसा. तो सापडला आतोबांच्या डब्याच्या पिशवीत, होडीवर नेलेला. "वाटेत दाढी करीन म्हटलं," ते म्हणाले. दाढी तर वाढलेली. मग त्यांच्या शर्टाच्या खिशात फुगा निघाला. लाल, लहान पोरांचा फुगा, फुगवून सैल पडलेला. आत्यानं तो दोन बोटांत धरून माझ्यासमोर नाचवला. "आमचं पोरगं मुंबईला दाढी करतंय. मग ह्यो फुगा कोनाच्या पोराचा?"

मग एका होडीवाल्यानं येऊन सांगितलं की तांडेल पहाटे सुकाणू धरून बसतो आणि तोंडाचे चाळे करतो. जीभ बाहेर काढतो, ओठांचा चंबू करतो, "आऽ, ऊऽ, ईऽ" ओरडतो. खलाशांना वाटलं, बाहेरची बाधा. आत्याला बाधेचं काही वाटलं नाही. तिला तो चंबू लागला. "ह्या वयात ओठांचा चंबू कशाला लागतो, ते मला तू नको शिकवू," ती मला म्हणाली. मी काही शिकवतच नव्हते.

पण तिला खरा घाव बसला तो वेगळाच. आतोबांनी रोजची बाटली सोडली. थोडीच घ्यायचे, समुद्रावर जायच्या आधी कधीच नाही, सकाळी आल्यावर अंग दुखतं म्हणून. ती एकाएकी बंद. दुसरी बाई असती तर देवाला नारळ ठेवला असता. आत्या आमच्या ओटीवर येऊन बसली आणि बाबांना म्हणाली, "मी तीस वर्सं सांगते, तवा सुटली नाय. ती आता सुटली. कोनासाठी सुटली?" बाबांनी बर्फ फोडणाऱ्या माणसाच्या सवयीनं नुसतं हात चोळले.

आणि मग एका दुपारी आतोबा घोरले नाहीत. आम्हीसुद्धा टीव्ही कमी करून ऐकलं. थोडी घरघर, मग काहीच नाही. पाखाडीवरून कोंबडी गेली तिची नखं वाजलेली ऐकू आली. पलीकडून आत्याचा आवाज आला, "झोपलात काय?" आतोबा म्हणाले, "हो." "मग बोलता कसे?" त्यांनी कूस बदलली. तिनं विचारून जागं केलं होतं हे तिला कोण सांगणार?

तिचा हिशोब सरळ होता. घोरत नाही म्हणजे झोपलेला नाही. झोपलेला नाही आणि डोळे मिटून पडलाय म्हणजे सोंग करतोय. सोंग करतोय म्हणजे मनात कोणीतरी आहे. आधी ती आवाजानं जागी राहायची, आता शांततेनं जागी राहायला लागली. डोळ्यांखाली काळं आलं. बाजारात बांगड्याच्या जागी सुरमई उचलून द्यायला लागली, आणि गिऱ्हाइकानं परत केली की गिऱ्हाइकावरच डाफरायची. मला तिची भीती वाटायला लागली. डॉक्टरांचं ते बरंवाईट माझ्या कानातून जाईना.

शेवटी ती रुसून माहेरी आली. माहेर म्हणजे आमचं घर. विळी, मासे ठेवायचा डबा, दोन लुगडी आणि गोळ्यांची पिशवी घेऊन बाई पाखाडी ओलांडून आली आणि म्हणाली, "मी आता जात नाय." दुपारी आमच्या खिडकीपाशी पडली. झोपली म्हणाल, तर नाव नाही. कान पाखाडीच्या पलीकडे लावलेला. एकदा उठून म्हणाली, "बघ, मी नाय तरी घोरत नाय. म्हंजे घरात कोनतरी हाय." घरात आतोबा आणि मांजर होतं.

मी मारुती मंदिरापाशी झेरॉक्सच्या दुकानात काम करते, दुपारी दुकान बंद असतं तेव्हा घरी येते. आत्यानं मला कामाला लावलं. कोणीतरी तिला सांगितलं होतं की तांडेल दर गुरुवारी आमच्या दुकानासमोरच्या बिल्डिंगचा जिना चढतो. मी मनात म्हटलं, होऊन जाऊ दे. खरं सांगायचं तर तोवर माझ्याही मनात पाल चुकचुकली होती. रक्तच ते. गुरुवारी आतोबा आले, इस्त्रीचा शर्ट घातलेला, इकडेतिकडे बघितलं आणि वर गेले. मी दुकान शेजाऱ्यावर सोडून मागोमाग गेले.

वरच्या मजल्यावर एका दाराबाहेर बाकड्यावर चार-पाच आया आपापली लहान मुलं घेऊन बसल्या होत्या. बोलायला उशीर झालेली, अडखळणारी, "क"ला "त" म्हणणारी मुलं. आणि त्या रांगेत, पिळदार मिशांचे, उन्हानं काळे पडलेले आमचे आतोबा, मांडीवर हात ठेवून, नंबराची वाट बघत. मला बघून त्यांचा चेहरा असा झाला की मलाच वाईट वाटलं. तेवढ्यात आतून हाक आली आणि ते म्हणाले, "आलीच हायस तर आत चल."

आतली बाई तरुण, बोलणं शिकवणारी. तिनं मला नीट समजावलं. झोपेत घशाचे आणि जिभेचे स्नायू सैल पडतात, त्यातून हवा जाताना ते थरथरतात, तो आवाज. घोरणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना दाखवायला हवं. झोपेत श्वास अडकत असेल तर नुसत्या व्यायामावर भागत नाही. आतोबांचं ते तपासून झालं होतं, श्वास अडकत नव्हता. मग जिभेचं टोक टाळूला लावून मागे सरकवायचं, अख्खी जीभ टाळूला दाबून धरायची, "आऽ" म्हणत पडजीभ वर उचलायची, फुगा फुगवायचा, दारू सोडायची. रोज, न चुकता, महिनोन्महिने. आतोबांनी करून दाखवलं. शेजारचं पोरगं बघून खिदळलं तरी त्यांनी जीभ आत घेतली नाही.

खाली चहाच्या टपरीवर मी विचारलं, हे सगळं लपवलं कशाला? त्यांनी कपातला चहा बशीत ओतला. "तुझ्या आत्याला डॉक्टरनं झोप सांगितली. मी तिथंच होतो. ती म्हनाली झोपते. झोपते खुठं? माझ्यामुळंच नाय झोपत. मग मी डॉक्टरला विचारलं, माझं काय करता येतं काय बघा. त्यानं हिकडं धाडलं." मी म्हटलं, मग तिला सांगा ना सरळ. ते हसले. "सांगितलेलं तिला पटत नाय गो. तिला फक्त पकडलेलं पटतं."

ते मला पटलं. मी घरी जाऊन आत्याला सांगितलं, "सापडले. पुढच्या गुरुवारी चल, रंगेहाथ दाखवते." आत्यानं त्या दिवशी ठेवणीतलं नऊवारी नेसलं. जिना चढताना तिचा श्वास लागला, मी थांब म्हटलं, थांबली नाही. दार ढकलून आत गेली, तर आतोबा आरशासमोर, जीभ बाहेर, बाईनं त्यांच्या हनुवटीखाली बोट धरलेलं. आत्यानं आधी बाईला बघितलं, मग आतोबांना, मग आरशाला. आरसा तिचाच होता.

बाईनं सगळं पुन्हा सांगितलं. आत्या ऐकून घेत होती आणि प्रत्येक वाक्यावर भुवई वर जात होती. मग ती पुढे झाली आणि आतोबांना म्हणाली, "आ करा." तिनं त्यांचा जबडा धरून आत बघितलं, अगदी लिलावात बघायची तसं. बराच वेळ बघितलं. मग हलक्या आवाजात विचारलं, "कोनासाठी करता ह्ये?" आतोबांना तोंड उघडं असल्यानं बोलता आलं नाही. त्यांनी बोटानं तिच्याकडे दाखवलं. आत्यानं त्यांचं तोंड मिटलं, पदरानं हात पुसला आणि बाईला म्हणाली, "बरोबर करतो काय हा, का नुसता तोंड वासतो?" त्या दिवशी ती विळी आणि डबा घेऊन पाखाडी ओलांडून घरी गेली.

मग ती व्यायामाची फौजदार झाली. आतोबा जीभ दाबतायत का ते ती स्वतः हनुवटीखाली बोट लावून तपासायची. फुगा कमी फुगला की ओरडायची. समुद्रावर व्यायाम केला नाही तर तिला कळायचं कसं कोणास ठाऊक, पण कळायचं. "आज आळस केलात. खरखर परत आली." घोरणं गेलं ते जवळजवळ गेलंच. पण तीस वर्षांची खोड काही गेली नाही. शांतता झाली की ती भिंतीकडे तोंड करूनच विचारायची, "झोपलात काय?"

आणि एके दिवशी त्या प्रश्नाला उत्तर म्हणून पलीकडून घोरण्याचा आवाज आला. हलका, बारीक. दुसऱ्या दिवशीही तसाच. आत्या झोपायला लागली. संध्याकाळच्या बाजाराला ताजीतवानी जायची, ब्लडप्रेशर खाली आलं, डॉक्टर म्हणाले गोळ्या लागू पडल्या. मला वाटलं व्यायाम ढिला पडला. मी आत्याला तसं म्हटलं, तर तिनं माझ्याकडे अशी कीव करून बघितलं. "खोटं घोरतोय तो. तुला कळत नाय? समुद्रात चालती होडी आनि धक्क्याला बांधून इंजिन चालू ठेवलेली होडी, दोन्हीचा आवाज येगळा असतो. चालती होडी चढते, उतरते, खोकते. बांधलेली एकसारखी घुर्र करते. ह्यो बांधलेला हाय. मी झोपेपर्यंत घोरतो आनि मग खरा झोपतो." मी विचारलं, मग तू काही बोलत नाहीस? तिनं सुपारी कातरली. "बोलून काय करू? खोटं हाय, पन मला झोप येते."

आयुष्यात फसवलेलं चालवून घेतलं असेल तर तिनं ते एवढंच.

गेल्या वर्षी पावसाळ्यात, होड्या बंद असतात त्या दिवसांत, आत्या गेली. जेवून उठली, हात धुतले, आणि दारातच खाली बसली. आतोबांनी उचलून आणलं, मी रिक्षाला धावले, पण हॉस्पिटलपर्यंत तिनं डोळे उघडले नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, खोटं बोलतायत. मी पुन्हा जाऊन विचारलं. तिनं असंच केलं असतं. मग मी भिंतीला टेकून खूप रडले. फौजदारासाठी सगळं बंदर आलं होतं, जिच्या टोपलीतला मासा तिनं नाकारला नाही अशी एक बाई त्यात नव्हती.

मुलगा मुंबईला ये म्हणाला, आतोबा गेले नाहीत. होडीवर जातात, सकाळी येतात, स्वतःचं जेवण स्वतः करतात. आरसा परत खिळ्यावर आला आहे आणि खिडकीतून मला रोज दिसतं, ते त्याच्यासमोर उभं राहून अजून जीभ टाळूला लावतात. कोणी तपासायला नाही तरी. आणि दुपारी जेवणं झाली की पाखाडीपलीकडून घोरण्याचा आवाज येतो. वाडीतल्या बायका म्हणतात, बायको गेली, तांडेलनं व्यायाम सोडला वाटतं.

मी आत्याची भाची. मी काम बाजूला ठेवून ऐकते. चढत नाही, उतरत नाही, खोकत नाही. एकसारखा येतो.

परवा मी त्यांना कालवणाची वाटी द्यायला गेले, तेव्हा त्यांनीच विचारलं, "दुपारी माझा आवाज येतो काय गो तुमच्यापर्यंत?"

मी म्हटलं, "येतो."

"मग झोपलेलो असतो," आतोबा म्हणाले.

मी बरं म्हटलं आणि वाटी रिकामी करून घेतली.